बोलण्याआधीची वाक्यं

बोंडअळीच्या वर्षी कळंबच्या महाविद्यालयात मी आणि तत्त्वज्ञान शिकवणारा सलील, बोलणं लिहून घेणारं एक यंत्र तपासत होतो. सलीलचा प्रश्न असा होता: यंत्राला गुन्हा आधीच कळला, तर त्यानं सांगावं का?

त्या दुपारी सलीलचं वाक्य तो बोलायच्या तीन सेकंद आधी पडद्यावर उमटलं. दुसरं अकरा सेकंद आधी.

मग उमटलं, “सलील: रत्नाताई, डोक्यात नका मारू!”

सलील हसला. “येडं झालं हे यंत्र, ताई.”

खाली त्याच्या किंकाळ्या उमटत राहिल्या. शेवटची अर्धवट होती. माझा एकही शब्द नव्हता.

शिपाई पंजाबराव आत आले. “मॅडम, कॉलेजच्या वावरातली कपाशीची किडकी पऱ्हाटी तोडून झाली. कुऱ्हाड कुठी ठेवू?”

मी हात पुढे केला.