चुलीवरचं बियाणं

मक्याच्या कणसाचं साल सोललं आणि तियामिकेच्या तळहातावर पीठच सांडलं. त्या पिठात टोके, धान्यातले किडे, वळवळत होते. तिनं दुसरं कणीस सोललं, तिसरं सोललं. धड दाणा म्हणून एक नाही, नुसती पोखरलेली टरफलं. स्टुलावर चढलेली ती तशीच उभी राहिली. दोष दुसऱ्या कुणावर ढकलावा म्हटलं, तर दुसरं कुणी नव्हतंच.

चुलीच्या वर तुळईला बियाण्याची कणसं टांगायची, ही त्या गावाची रीत. कणसं धूर खात काळी पडायची, मग किड्याची काय बिशाद त्यांना तोंड लावायची! तियामिकेच्या आईचं, एनेलेसचं बियाणं तर गावात नावाजलेलं. ते तिला तिच्या आईनं दिलेलं, तिला तिच्या आईनं. पेरणी आली की बायका टोपल्या घेऊन दारात यायच्या आणि एनेलेस राणीसारखी बसून ओंजळीनं वाटायची. नवरा गेला. धाकटा मुलगा तान्हेपणीच खोकून खोकून गेला. कुणीतरी करणी केली, असं ती म्हणायची. पण बियाण्याचा मान तिनं कधी जाऊ दिला नाही.

आणि तियामिकेनं काय केलं? शहरातून लहानग्या ताकोंद्वाला घेऊन ती आईकडे राहायला आली. पोराचा खोकला काही केल्या जाईना. दवाखान्यातली बाई वैतागून म्हणाली, "औषध तरी किती देऊ? आधी घरातला धूर काढा!" झालं. तियामिकेनं माती मळली, तीन दगडांची चूल मोडून बंद चूल घातली आणि तिचं धुराडं भिंतीतून थेट बाहेर काढलं. आई बघत होती. बरं म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. धूर गेला, आणि पोराचा खोकलाही गेला. पण डोक्यावर टांगलेल्या बियाण्याला आता धूर मिळायचा नाही, हे काही या शहाणीच्या ध्यानात आलं नाही. परकी असती तर गोष्ट वेगळी. ही तर त्याच चुलीपाशी लहानाची मोठी झालेली!

आईला सांगायची तिची छाती झाली नाही. ती बाजाराच्या गावी गेली, तसलीच पांढरी कणसं आणली आणि आई पाण्याला गेलेली बघून तुळईला बांधली. ती कणसं कशी नुकती न्हाऊन आल्यासारखी दिसत होती! मग भिंतीवरची जुनी काजळी खरवडून ती एकेका कणसाला चोळत बसली. हात घासघासून धुतले, पण नखांतलं काळं निघेना. रात्री न्सिमाचा, मक्याच्या उकडीचा, गोळा मोडताना आई आपल्या नखांकडेच बघतेय, असं तिला वाटलं. आई मात्र नातवाला निवांत भरवत होती.

ढग भरून आले तशी शेजारची फालेसी टोपली घेऊन हजर झाली.

"काय गं बाई, हे घर!" ती दारातूनच म्हणाली. "पूर्वी इथं पाऊल टाकलं की डोळ्यांना धारा लागायच्या. लोकांना वाटायचं, फालेसीला या घराचा केवढा कळवळा! आता कोरड्या डोळ्यांनी मागायचं म्हणजे लाज वाटते बघ."

एनेलेस हसली. "तियामिके, काढ गं कणसं. दे हिला."

तियामिके स्टुलावर चढली. हात कणसापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. बाजारचा संकरित दाणा तो. पेरला तर उगवेल, पण कणीस धड भरायचं नाही. फालेसीची पोरं वर्षभर अर्धपोटी राहतील, आणि गाव म्हणेल, एनेलेसनं फसवलं. ती खाली उतरली आणि हुंदके देऊन रडायलाच लागली.

"आई, ते तुझं बियाणं नाही. तुझं किडलं. मी बाजारचं आणून टांगलं. काजळीसुद्धा मीच फासली."

फालेसीनं आपली टोपली हळूच पाठीमागे नेली.

"ठाऊक आहे मला," एनेलेस म्हणाली. "पहिला टोका मलाच दिसला. रोज बघत होते मी. खाली पोराचा खोकला उतरत होता आणि वर टोके वाढत होते."

"आणि तू गप्प बसलीस?" तियामिके ओरडलीच. "अगं, तुझ्या आईचं बियाणं ते! एक शब्द बोलली असतीस, तर त्याच दिवशी बुजवलं असतं मी ते धुराडं!"

एनेलेसनं खुंटीवरची टोपली काढली. एवढ्या वर्षांत ती टोपली घेऊन ती कुणाच्या दारी गेली नव्हती.

"चल फालेसी, वरच्या आळीत जाऊ. कुणाच्या तरी चुलीवर असेल माझं बियाणं. इतकी वर्षं दिलं, आता मागू."

"नको गं आई, मी जाते. तू हात पसरायचा नाहीस."

जाता जाता एनेलेस चुलीपाशी वाकली. ताकोंद्वा गाढ झोपला होता, तोंड मिटून, नाकानं श्वास घेत. तिनं त्याच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"तुझा भाऊ इथंच निजायचा. त्याला करणीबिरणी काही झाली नव्हती गं. बियाणं राखलं मी, लेकरू नाही राखलं." तिनं टोपली डोक्यावर ठेवली. "बोलले असते तर तू धुराडं बुजवलं असतंस. म्हणूनच नाही बोलले."