नकाशाबाहेरचं फुलपाखरू

पिवळं फुलपाखरू थेट नकाशावर येऊन बसलं, आणि तेही नदीच्या उत्तरेला, जिथे बसायची त्याला परवानगी नव्हती.

नकाशा पिवळ्या सरांचा होता. हे नाव त्यांना या फुलपाखरापायीच पडलं होतं. ही जात नदीच्या दक्षिणेलाच राहते, हे सिद्ध करायला त्यांनी उभा जन्म खर्ची घातला होता. वर्षातले बहुतेक महिने ते दक्षिणेच्या रानात तंबू ठोकून असत. घर तेवढं उत्तरेला होतं. आज संध्याकाळी नकाशा छापखान्यात जायचा होता, आणि फुलपाखराला नेमका आजचाच मुहूर्त सापडला. निदान सरांच्या वयाचा तरी मान ठेवायचा!

"भरकटलंय," सर बायकोला म्हणाले. "शास्त्राचा नियमच आहे. एखाद्या वेळी दिसतं ते भरकटलेलं. बारा महिने दिसलं, संसार मांडला, तरच ते तिथलं."

"असं होय! मग जरा इकडे या."

गॅलरीतल्या कुंडीत एक तण माजलं होतं. येतील तेव्हा सर ते उपटून टाकायला सांगत आणि बायको हो म्हणून त्याला पाणी घाली. पानांवर बारीक अंडी होती. देठांवर हिरव्या अळ्या निवांत चरत होत्या. वर पाच-सहा पिवळी फुलपाखरं घरच्यासारखी वावरत होती.

"कधीपासून आहेत ही?" सरांनी कुंडीवर वाकून विचारलं.

"धाकटी रांगत होती तेव्हापासून. आता तिचीच पोर रांगतेय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तज्ज्ञ तुम्ही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

सर मटकन खुर्चीत बसले. सगळी मेहनत पाण्यात गेली होती. त्यांना रडू येत होतं. पण माणूस प्रामाणिक. त्यांनी पेन्सिल घेऊन स्वतःच्या घरावर ठिपका दिला, छापखान्याला फोन करून छपाई थांबवली आणि शाबासकीच्या आशेने बायकोकडे पाहिलं. ती कुंडीला पाणी घालत होती. मग सरांना एकदम हुरूप आला.

"आता उत्तर सगळी नव्याने पालथी घालायला हवी! उद्याच निघतो. बॅग भरून ठेव."

"भरलेलीच असते," ती म्हणाली. "या घरात तुम्हीही एखाद्या वेळीच दिसता."