उलटं भिंग

१९६४ साली फोटोग्राफरने आपली लेन्स परत आणली आणि लग्नाचा एक फोटो दुरुस्तीच्या बाकावर आपटला. नवरा-नवरी मधोमध लख्ख. मागची बागेतली पानं मात्र भोवऱ्यात सापडल्यासारखी गरगरलेली.

"काका, मागचं कसं लोण्यासारखं विरघळायला हवं. नवऱ्याच्या वडिलांनी फोटो परत केले."

मामंजींची हयात लेन्स दुरुस्त करण्यात गेलेली. फोटो पाहूनच ते म्हणाले, "पुढचं भिंग उलटं बसलंय."

शेजारी बसलेल्या सुनेने हातातलं काम खाली ठेवलं. ही लेन्स दोघांनी मिळून जुळवली होती. पुढचं भिंग कोणी बसवलं, काही केल्या तिला आठवेना. मामंजींनी तिला बाकावर बसवलं तेव्हाच सासूबाईंनी बजावलं होतं, "पहिली तक्रार आली की ही परत चुलीपाशी." त्या आता दारातच उभ्या होत्या.

दुकानाची एक रीत होती. जो भिंग बसवेल त्याने कडेवर शाईचा ठिपका द्यायचा. मामंजींचा एक, तिचे दोन.

मामंजी लेन्स घेऊन खिडकीशी गेले. सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी कडं फिरवलं, भिंग काढून उजेडात धरलं.

"एक ठिपका. माझंच. डोळे गेले माझे."

"कधीची सांगतेय, चष्मा बदला," म्हणत सासूबाई आत गेल्या.

"सरळ बसवून देतो," मामंजी म्हणाले.

फोटोग्राफर जरा घुटमळला. "नको, असू दे. नवरीने हट्टाने एक फोटो ठेवून घेतलाय. म्हणते, सगळं जग फिरतंय आणि आम्ही दोघं तेवढी जागच्या जागी."

मामंजींनी भिंग होतं तसंच बसवलं. मग आपला चिमटा सुनेपुढे सरकवला. "आजपासून या बाकावर तूच."

त्या गरगरत्या पानांवर फोटोग्राफरने नाव काढलं. सासूबाई जाईपर्यंत नवऱ्याच्या चष्म्याला बोल लावत राहिल्या. मामंजींनी पुन्हा हत्याराला हात लावला नाही. रोज सकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे, अगदी बारीक अक्षरातल्या जाहिरातींसकट. सुनेने तीस वर्षं दुकान चालवलं. कोणी विचारलं तर सांगायची, "बिचाऱ्यांची नजर गेली, म्हणून मला बसावं लागलं."

फोटोग्राफर वारल्यावर त्याच्या मुलीने ती लेन्स साफ करायला आणली. सुनेने कडं फिरवलं, पुढचं भिंग काढलं आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

कडेवर दोन ठिपके होते.