घर विकू नकोस

“घर विकू नकोस, पोरी. बाकी काय वाट्टेल ते कर.”

ऑक्सिजनच्या मास्कमधून आलेला बाबांचा तो आवाज थोरलीच्या कानात अजून धुक्यासारखा तरंगत असे. त्या कुटुंबात घर म्हणजे स्टेडियम. राहायची जागा ती नुसत्या ‘खोल्या’. “चला, घरी जाऊ,” असं बाबा म्हणाले, की सगळे बूट चढवून मैदानाकडे निघत. फुटबॉलचा संघ त्यांचा, मैदान त्यांचं, आणि दोन्हींवरचं कर्जही त्यांचंच.

थोरलीनं त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. त्या शब्दापायी ती एकेक खेळाडू विकत आली होती. डावा बचावपटू गेला, त्यातून मैदानाचे दिवे आले. आघाडीचे जुळे भाऊ गेले, त्यातून गवत आलं. गवत मात्र असं, की त्यावरून चालताना पाऊल जमिनीला लागतंय की नाही, कळू नये.

आज गोलकीपरची पाळी होती.

“छपराच्या बदल्यात गोलकीपर,” मामानं कागद पुढे सरकवला. मामा म्हणजे आईचा सावत्र भाऊ. बाबा गेल्यावर क्लबचे हिशेब सांभाळायला येऊन राहिलेला. “खेळाडूंच्या बदल्यांची मुदत आज संपतेय. कर सही. पुढच्या वर्षी छप्पर असेल, दिवे असतील, गवत असेल. गोलमध्ये तू उभी राहा. बचावाला मी आहेच, गुडघा म्हणेल तोवर.”

“मामा, चेष्टा पुरे.”

“चेष्टा तू लावलीयस. जागेचा भाव दरवर्षी चढतोय, संघ दरवर्षी उतरतोय. हॉटेल चकाचक आणि आचाऱ्यालाच हाकलून दिलंय, तशी गत झालीय आपली. बिल्डर अजून मागे लागलाय. मैदान त्याला देऊन टाक. नदीपलीकडचं नगरपालिकेचं मैदान भाड्यानं घेऊ. कर्ज फिटून वर जे उरेल, त्यात संघ सुखानं पोसला जाईल.”

“मी शब्द दिलाय.”

मामानं कागदावर पेन ठेवलं. ह्या उत्तरापुढे तो नेहमीच माघार घेई.

प्रेक्षकांच्या स्टँडखालच्या त्यांच्या कचेरीच्या खिडकीतून मैदान दिसत होतं. पाण्याचे फवारे चालू होते. उन्हात त्यांची वाफ झाल्यासारखी दिसत होती आणि ती रिकाम्या खुर्च्यांवरून सावकाश सरकत होती. वाटावं, माणसं येऊन बसताहेत, उठून जाताहेत. त्या पांढुरक्यात गोलकीपर एकटाच सराव करत होता. त्याला सगळे ताडमाड म्हणत. तो चेंडू अडवी, आणि कुणीही नसलेल्या स्टँडकडे बघून हात वर करी.

थोरलीनं पेन उचललं.

“ते ‘घर’ नव्हते म्हणाले,” कोपऱ्यातून आई म्हणाली.

ती जर्सीवर आकडा शिवत बसली होती. त्या कचेरीत ती आहे हे पुष्कळदा विसरायलाच होई, इतकी ती हळू बोले आणि कमी बोले.

“काय म्हणालीस?”

“‘घरचे’ म्हणाले होते. ‘घरचे विकू नकोस.’ मास्कमध्ये शेवटचा ‘चे’ अडकला. तू त्यांच्या हातावर डोकं टेकून रडत होतीस गं. मला त्यांचे ओठ दिसत होते.”

घरचे. सामन्याच्या दिवशी बाबांच्या तोंडी दुसरा शब्दच नसे. घरचे आणि पाहुणे. घरचे दमले वाटतं. घरच्यांना पाणी द्या रे. घरचे हरले, हरू देत, आपलेच आहेत. थोरलीला खोलीची जमीन पाण्यावर ठेवल्यासारखी वाटू लागली.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुझा विश्वास केवढा होता त्या शब्दावर. माझी जीभच उचलली नाही. चुकलं माझं.” आईनं दातानं दोरा तोडला. “आता तरी ऐक. ह्या पोराला विकू नकोस. मैदान जाऊ दे. वचन दे मला.”

“दिलं,” थोरली म्हणाली. कागदाची तिनं घडी घातली आणि ती मधोमध फाडली. किती वर्षांनी खांदे खाली आले होते.

मामानं लगेच बिल्डरला फोन लावला. “आजच भेटतो म्हणतोय! चला, आधी दोन घास खाऊ आणि निघू.” त्यानंच डबे उघडले, तीन ताटं मांडली.

आईनं आपलं ताट बाजूला सारलं. “मला नको आज. उद्या सकाळीच जेवेन.”

“अगं ताई, सुटलो आपण! आजच्या दिवशी कसला उपास?” मामा हसला आणि भात वाढून घेऊ लागला.

थोरलीचा हात ताटावरच थांबला. ती आईकडे बघत राहिली. आई खिडकीबाहेर बघत होती. फवारे बंद झाले होते, पण ओलसर उजेड अजून मैदानावर रेंगाळत होता.

“तू जेव निवांत, मामा. मी होते पुढे,” थोरली म्हणाली. तिनं आपलंही ताट उचलून ठेवलं, आईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

तोंडून खोटं गेलं त्या दिवशी आई अन्नाला शिवत नसे, हे फक्त थोरलीला ठाऊक होतं. आणि त्या उपासात आईनं एकटीनं राहू नये, म्हणून तीही न जेवताच बाबांचं घर विकायला निघाली.