मातीची पकड

अहवालावर साहेबांची सही झाली की धाकट्याला प्रयोगशाळेच्या प्रमुखाची खुर्ची, दाराला स्वतःच्या नावाची पाटी आणि सासऱ्यांसमोर पाय पसरून बसायची मुभा मिळणार होती. दाखवायचं एवढंच होतं, की कंपनीचं नवं कीटकनाशक मातीला चिकटून बसतं, खाली विहिरीच्या पाण्यात उतरत नाही.

पहिल्या चाचणीत माती फितूर झाली. औषधाचं पाणी मातीत घुसळलं, गाळ बसू दिला, तर निम्मं औषध वरच्या पाण्यातच. धाकट्याने चाचणीची एकेक पायरी पुन्हा तपासली. मग कारण सापडलं. बाटल्या द्रावकाने धुतल्या होत्या आणि वाळवायच्या राहिल्या होत्या. द्रावक मिसळला की मातीची पकड सुटते. त्याने बाटल्या भट्टीत ठणठणीत कोरड्या केल्या. आता मातीने औषध असं धरलं, जसा सासरे टीव्हीचा रिमोट धरतात. लबाडी तिळभर नव्हती. अहवाल गेला. सही सोमवारी होती.

रविवारी तो थोरल्या भावाकडे जेवायला गेला. थोरल्याचं घर, शेत आणि विहीर एकाच कुंपणात. धाकट्याने तिथेच औषध वापरून बघायला दिलं होतं.

"औषध झकास आहे रे," पानावर बसता बसता थोरला म्हणाला. "पण सोबत फवारणीचा पंप धुवायला तो द्रावक देता ना, तो त्याहून भारी. सगळा चिकटा एका फटक्यात मोकळा! हंगामभर तेच चाललंय."

धाकट्याचा घास हातात राहिला. "धुतलेलं ओततोस कुठे, दादा?"

"कुठे म्हणजे? विहिरीपाशी. पंप तिथेच धुतो ना. का रे?"

एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याने अहवाल परत आला असता, आणि खुर्ची शेजारच्या टेबलावरच्याला गेली असती. सही तर होऊ दे, मग सांगू.

"काही नाही. सहज विचारलं."

"भाऊजी, पाणी तरी घ्या," वहिनीने पेला पुढे केला. "कोरडाच घास गिळताय."

"नको वहिनी. तहान नाही."

"मोठे साहेब होणार म्हणून आमच्या विहिरीचं पाणीही चालेना का!" वहिनी हसली आणि पेला लेकीकडे सरकवला. "घे गं, तूच पी."

काकांच्या वाटणीचं पाणी पुतणी एका दमात प्यायली, ओठ पुसले आणि पेला पुन्हा पुढे केला.