शेंगवाली महापौर

बाळाच्या डोक्यावरचं बाप्तिस्म्याचं पाणी अजून सुकलं नव्हतं, तोच त्याच्या आजीनं, मासळीवाल्या लुमिंगमावशीनं, हात पुढे केला.

“काढा पाकीट, महापौरबाई!”

चर्चच्या पायऱ्यांवर जमलेला अख्खा मासळीबाजार खो-खो हसला. महापौर हर्मिनियाबाईही हसल्या खऱ्या, पण त्यांचे कान तापले. या शहरात महापौराला दर रविवारी कुणाच्या तरी लेकराची धर्ममाता व्हावंच लागतं, आणि धर्ममातेनं बाळाला पैशांचं पाकीट द्यायचं असतं. नऊ वर्षं बाईंनी पाकीट म्हणून दिलं नाही. दिली ती खारफुटीची हिरवी शेंग, हातभर लांब, खाडीच्या चिखलात खोचून बाळाच्या नावाचं झाड लावायला. वर दरवेळी तीच ताकीद: “टोक खाली हं! उलटी खोचू नका.” बाजारात पोरंसोरं त्यांची नक्कल करायची. लुमिंगमावशीनं तर थोरल्या नातीच्या वेळी शेंग डोक्यावर नाचवत आरडाओरडा केला होता, “बघा गं बायांनो, केवढी ही चिक्कू बाई!”

आजची शेंग शेवटची. गुरुवारी खुर्ची सुटणार होती, आणि नव्या महापौरानं आधीच जाहीर करून टाकलं होतं की प्रत्येक बाळाला जाडजूड पाकीट मिळेल. मग चिखलात हात कोण घालणार? आठवडाभर बाईंना याच विचारानं अन्न गोड लागत नव्हतं.

त्यांनी पिशवीतून शेंग काढली.

“ही नको,” मावशी म्हणाली.

हसणं थांबलं. बाईंचा हात तसाच राहिला.

“अहो, तोंड काय पाडता? नको म्हणजे घरात आहे म्हणून नको!” मावशीनं मासळीची टोपली पुढे ओढली, वरचं ओलं फडकं काढलं. आत हिरव्यागार शेंगा, काठोकाठ. “थोरलीच्या झाडाच्या आहेत. मेलं झाड, घराच्या वर गेलंय! बाळाची आम्ही सकाळीच लावून आलो. आता बाहेरून कशाला आणायची?”

“आमच्याही आहेत,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमच्याकडे तर पायाखाली पडतात!”

मावशीनं टोपलीतली एक शेंग निवडली आणि बाईंच्या हातात कोंबली.

“ही तुमची. गुरुवारपासून तुम्ही आमच्यातल्याच की! चला, लावा.”

फादर फोटोसाठी हाका मारत होते. बाईंनी चपला काढून हातात घेतल्या, नवा कोरा झगा गुडघ्यापर्यंत वर धरला आणि खाडीकडे निघाल्या. ओहोटी होती. पहिल्याच पावलाला पाय पोटरीपर्यंत रुतला आणि त्यांना हसूच फुटलं.

मागून सगळा बाजार एका सुरात ओरडला,

“टोक खाली हं, बाई! उलटी खोचू नका!”