बरोबर उत्तर

सावळीरामआप्पा चांदवडहून सातपूरला लेकीच्या ऑफिसात आले, तेव्हा शुभांगी ऑपरेटिंग सिस्टीमची चाचणी घेत होती. यंत्रांना क्षणात हुकूम देणारी ही सिस्टीम तिच्या गटाने बनवून जगाला फुकट दिली होती.

पडद्यावर एक ओळ लाल झाली. आप्पांनी विचारलं, "चुकलं का गं?"

"उत्तर बरोबर आहे आप्पा, पण उशिरा आलं. म्हणून नापास."

"लय कडक मास्तरीण हायेस!" आप्पा हसले, आणि पाच वर्षं अडवून धरलेला होकार त्यांनी एका दमात देऊन टाकला. "पोरी, आता मी जातपात धरत नाय. त्या हर्षलशीच तुझं लगीन लावू."

शुभांगीने पडद्यावरच्या लाल ओळीवर बोट ठेवलं.

 

"आप्पा, काल हर्षलच्या मुलीचं बारसं झालं. पाळणा मीच म्हटला."